बसवलेल्या मेंढरांची ज्वारी

सांगली,
सोमवार, १३ मे २०२४

चि. मालन हिस,
अनेक आशीर्वाद.

तू साताऱ्यात सुखरूप पोचल्याचं यशराजनं कळवलं. तू कळवलं नाहीस. फोन केला तर उचलत नाहीस, आणि चुकून उचललासच तर ‘आक्का, इथं रेंज नाही गं’ म्हणून ठेवून देतेस. माझी उभी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. रेंज कुठं नसते आणि बोलायची इच्छा कुठं नसते, हे मला कळतं. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र लिहिताना समोरचं माणूस मध्ये बोलत नाही, एवढा तरी फायदा.

पाकिटावर तुझं सासरचं नाव, मीनल, घातलं आहे. ते पोस्टमनसाठी. आत मी मालनच लिहिणार.

पल्लवीला सातवा लागला असेल. सुनेला कुरडया घालायला गच्चीवर चढवू नकोस, बाजारात मिळतात. यशराजला म्हणावं, आता बाप होणार आहेस, घाटात गाडी जरा सावकाश घाल. इकडे तुझ्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. रोज सकाळी जाऊन कुंड्यांना पाणी घालते. तुळस जळालेली नाही. मोगरा भरभरून फुलतो आणि झाडावरच वाळतो. मी माळत नाही, आणि माळणारी साताऱ्यात बसली आहे.

बागेत ऊन फार आहे. बोअरचं पाणी निम्म्यावर आलं. टोमॅटो संपले, वांगी अजून लागतात, तुझ्या वाफ्यातला पोकळा मी कापून परवा वाटून टाकला. वादळी वाऱ्यानं दोडक्याचा मांडव आडवा झाला होता, तो सुलाबाईंनी आणि मी परत उभा केला. सुलाबाई माधवनगरच्या गिरणीत सूत काढून म्हाताऱ्या झाल्या. त्यांनी मारलेली गाठ सुटत नाही. शेवटची गाठ मारून म्हणाल्या, “आता वारं आलं तर खांब जातील, मांडव न्हाई जायचा.”

लेंडीखत मातीत मिसळून झालं. मेंढरांनी एका रात्रीत जे दिलं, ते आपल्या कंपोस्टच्या पिंपांनी इतक्या वर्षांत दिलं नव्हतं. पाणी सोडलं की माती अशी फुगून येते की पाय ठेवायला संकोच वाटावा. महापुराच्या साली ही जागा कशी होती आठवतं ना? फुटक्या फरश्या आणि घाणेरी. आपल्या कॉलनीत पाणी चढलं नाही, पाहुणे चढले. घराघरात गावभागातली माणसं, मंडई पाण्याखाली, आणि मग तू दारोदार फिरून कुणाचा कढीपत्ता कुणाला, कुणाचं पीठ कुणाला अशी देवघेव लावून दिलीस. तुझे विलासराव गेल्यानंतर तू पहिल्यांदा तेव्हा घराबाहेर पडलीस. पाणी ओसरल्यावर तूच म्हणालीस, ‘आक्का, इथं भाजी लावू या आणि दर रविवारी वाटून घेऊ या.’ बाग तुझी आहे, हे मी कुणाहीपुढे मान्य करीन. म्हणूनच राग येतो.

वासावरून आप्पासोंनी रामायण केलं. कॉलनीचे सेक्रेटरी म्हणून नाकाला रुमाल लावून माझ्या दारात उभे. “क्रांतीताई, ही कॉलनी आहे की गोठा?”

मी म्हटलं, “परवा पिशवीभर वांगी नेलीत, ती काय कारखान्यात होतात?”

“तसं नाही, पण वासाचं काहीतरी...”

सुलाबाई मागून आल्या. “आवं आप्पासो, कोरेगावात शेणानं सारवल्याल्या घरात जलमलात न्हवं तुमी? तवा नाक न्हवतं व्हय?”

त्यांनी रुमाल खिशात घातला. दोन दिवस मला दिसले नाहीत.

हे सगळं मी लिहिते आहे, कारण मूळ गोष्टीवर यायला हात तयार नाही. माझा हात असा अडत नाही, तुला माहीत आहे.

आधी त्या फोटोबद्दल. पाच तारखेच्या रविवारी दुपारी तू तो बागेच्या ग्रुपवर टाकलास. तू, तुझ्या शेजारी त्या महिला मंडळाच्या पाहुण्या बाई, समोर बिरदेव, आणि त्याच्या हातात प्लॅस्टिकचं पाकीट. खाली तुझे शब्द : ‘भटक्या मेंढपाळ बांधवांना आपल्या बागेतर्फे अन्नदान.’ त्याखाली सगळ्यांचे जोडलेले हात आणि फुलं.

अन्नदान! मालन, हा शब्द लिहिताना तुझं बोट अडखळलं नाही?

मेंढरं बसवणं म्हणजे काय, हे बाकीच्यांना माहीत नसेल. उत्कर्षा बँकेतली, पुण्यात वाढलेली. तिला वाटलं, या लोकांना रात्रीपुरती जागा हवी होती आणि आपण मोठ्या मनानं दिली. तिला दोष नाही. पण तू? कडेगावला आपल्या दादांच्या रानात दर साली मेंढरं बसायची. दादा स्वतः तळावर जाऊन ‘औंदा आमच्या रानात बसवा’ म्हणून विनवायचे. वाघरीची जाळी लावून कळप रात्रभर बसला की सकाळी रान काळंभोर. त्याची ज्वारी ठरलेली. ज्यानं बोलावणं केलं, त्यानंच ती कळप हलायच्या आत आपल्या हातानं पदरात घालायची. गड्याच्या हाती पाठवायची नाही आणि उद्यावर टाकायची नाही. दादा म्हणायचे, “मेंढरू उठलं आणि ज्वारी घरातच ऱ्हायली, तर ते खत न्हवं, चोरी.”

उपकार झालेच असतील तर त्यांनी आपल्यावर केले. त्या लोकांना रानं हवी तेवढी आहेत. परतीच्या वाटेवर शेतकरी त्यांच्या हातापाया पडतात. आपल्या एवढ्याशा तुकड्यासाठी ते कॉलनीच्या गेटातून, मोटारींच्या मधून, कळप घेऊन आत आले. का आले ते पुढे लिहिते.

बोलावणं तू केलंस. कडेगावचं रान आता बघणाऱ्या सयाजीकडून नंबर मी आणला, पण बिरदेवशी बोललीस तू. मी शेजारी बसले होते. ‘आमच्या बागेत एक रात्र बसवाल का? कडेगावच्या दादांच्या मुली आम्ही,’ असं तू म्हणालीस तेव्हा तुझा आवाज थेट दादांसारखा लागला. मला बरं वाटलं होतं. ज्वारीही आपण दोघींनी निवडून आणली आणि तुझ्या जिन्याखाली ठेवली. मेंढरं आली, बसली आणि उठून गेली. पोतं जिन्याखालीच.

आणि पाकिटात काय होतं? आदल्या दिवशी हॉलवर कुणाचा तरी साखरपुडा झाला, त्यातला उरलेला मसालेभात. उन्हाळ्यातला, रात्रभर पातेल्यात झाकलेला. बिरदेवनं पाकीट उघडलं, वास घेतला आणि मला बाजूला येऊन विचारलं, “मावशी, ह्ये कुत्र्यास्नी घातलं तर चालंल का? का कुणाला वाईट वाटंल?” टोमणा नव्हता गं तो. त्यानं खरंच विचारलं. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या संध्याकाळी आपण या पाकिटांवरून भांडलो. तू म्हणालीस, ‘आक्का, भात आंबलाय हे मला माहीत नव्हतं.’ हे मी मान्य करते. तू म्हणालीस, ‘पाहुण्यांच्या गडबडीत ज्वारी राहून गेली.’ हे मी मान्य करत नाही, पण सोडून देते. मग म्हणालीस, ‘तू प्रत्येक गोष्टीचा तमाशा करतेस.’ तेही असेल. पण भांडण भाताचं नव्हतं. ते तुला ठाऊक होतं, म्हणून तू तावातावानं भातावरच बोलत राहिलीस, आणि मीही तुला भातावरच बोलू दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तू गेलीस.

आता लिहिते.

राहीबाई आली होती.

ती हल्ली कळपाबरोबर हिंडत नाही. गुडघे गेले आहेत. जतकडच्या आपल्या वस्तीवर असते, तिचा मुलगा बिरदेव आणि त्याची बायको फिरतात. कळप सांगलीत यायचा होता म्हणून ती मुद्दाम कुणाच्या तरी टेंपोत बसून इथं आली. बिरदेवनं मला नंतर सांगितलं, “आयला म्हटलं, उन्हाचं कशाला जातीस? तर म्हनली, दादांच्या पोरींनी बोलीवलंय. मी न्हाई गेली तर त्यास्नी काय वाटंल?”

रविवारी सकाळी तुझं टेबल मांडलेलं होतं. निळं कापड, वर भाज्यांचे वाटे, लोणच्याच्या बाटल्या, रोपांचे ट्रे. मागे तू रंगवून घेतलेली पाटी : ‘रिकाम्या हाताने येऊ नये, रिकाम्या हाताने जाऊ नये.’ राहीबाईनं सुलाबाईंना विचारलं, “काय लिवलंय गं ते?” सुलाबाईंनी सांगितलं. “मग बराबर हाय,” म्हणाली. ओच्यातून फडक्यात बांधलेले हुलगे काढले आणि टेबलावर, तुझ्या त्या काचेच्या बाटल्यांच्या शेजारी ठेवले. ती देवघेवीला आली होती, मालन. सगळ्या बायका येतात तशी. आपलं देऊन दुसऱ्याचं न्यायला. मिरचीच्या रोपांवर तिचा डोळा होता, मी पाहिलं.

मग तिला तू दिसलीस.

“माले! अगं ए माले! वळखलंस का न्हाई? लय जाड झालीस की गं!”

बायका हसल्या. त्या कौतुकानं हसल्या. पाहुण्या बाईंनी वळून पाहिलं. मी मिरचीचा ट्रे हातात घेऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होते. मला तुझा चेहरा दिसत होता आणि तुझा शब्द न् शब्द ऐकू आला.

“मावशी, इथं मालन कुणी नाही. तुम्ही तिकडं सावलीत जाऊन बसा. तुम्हाला खाऊ मिळेल.”

खाऊ. नातवंडं असलेल्या बाईला. जिच्या कडेवर बसून तू लहानाची मोठी झालीस तिला.

मी ट्रे खाली ठेवेपर्यंत सगळं झालं होतं. राहीबाईनं तुझ्याकडे नीट पाहिलं. रागावून नव्हे, तपासून पाहावं तसं. आणि म्हणाली, “चुकलं बाई माजं. म्हातारपनी डोळं जात्यात.”

तिचे डोळे गेलेले नाहीत. दोन रानांपलीकडे लंगडणारं कोकरू ती अजून ओळखते. तू सगळ्यांपुढे तिला परकी केलीस आणि तिनं सगळ्यांपुढे तुझी अब्रू झाकली. हुलगे टेबलावर तसेच ठेवून, काही न उचलता ती गेली. मी मागे धावले तर म्हणाली, “ऱ्हाऊ दे क्रांते, कळप उठवायचाय,” आणि थांबली नाही.

बाहत्तरच्या दुष्काळाचं साल तू विसरलीस असं म्हणू नकोस. लहान होतीस, पण एवढी लहान नव्हतीस. तेव्हा आपल्या रानात ऊस नव्हता, कॅनॉलचं पाणी तर फार पुढे आलं. दादा आणि आई खडी फोडायला जायचे आणि आपल्याला धनगरांच्या तळावर सोडायचे. त्या साली मेंढरांनाही चारा नव्हता, अर्धा कळप गेला होता. तरी राहीची आई, धोंडुबाई, रोज हुलग्याचं माडगं शिजवायची. आधी तुला पाजायची, मग मला, मग राहीला. राही चिडायची. ‘माझी आय हाय का ह्यांची?’ म्हणून तिनं एकदा तुला चिमटा काढला होता आणि तू धोंडुबाईच्या मांडीवर बसून तिला जीभ दाखवली होतीस. राही काही साधुसंत नव्हती. चिंचोक्यांच्या डावात लबाडी करायची, शिव्या द्यायची, आजही देते. पण तुला ताप आला तेव्हा वैद्याकडे माळ तुडवत तीच घेऊन गेली. धोंडुबाईनं त्याचा फोटो काढला नाही. अन्नदान केल्याचं कुणाला सांगितलंही नाही.

तू असं का केलंस, हे मला कळत नाही असं नाही. तू नवी नवरी होऊन गेलीस आणि तुझ्या सासूबाईंनी आधी नाव बदललं, मग बोलणं बदललं. ‘व्हय’ म्हणालीस की ताटावरून उठवायच्या. ‘माळावरची पोर’ म्हणून नणंदा हसायच्या. दिवाळीला माहेरी आलीस की माझ्याजवळ रडायचीस आणि परत जाताना आरशासमोर उभी राहून ‘होय, होय’ घोकायचीस. ते मी पाहिलं आहे. मी लग्न केलं नाही, माझं नाव कुणी बदललं नाही, म्हणून मला बोलणं सोपं, असं तू म्हणशील. म्हण. पण त्या सासूबाई केव्हाच गेल्या, मालन. त्यांच्या जागी आता तूच उभी आहेस आणि दुसऱ्यांना ताटावरून उठवते आहेस.

तू गेल्यावर गुरुवारी मी रिक्षात पोतं घालून कवलापूरच्या माळावर गेले. कळप तिथं एका शेतकऱ्याच्या रानात बसला आहे. राहीबाईनं शेळीच्या दुधाचा चहा केला. माझ्या पांढऱ्या केसांना हसली. “कलप लाव की गं, टेलिफोनवाली म्हातारी दिसतीया,” म्हणाली. मी पोत्याकडे बोट दाखवलं तेव्हा हसणं थांबलं.

“ह्ये तू न्हवं द्यायचं.”

“मी थोरली आहे.”

“थोरली आस न्हाईतर धाकली. बोलावनं जिचं, ज्वारी तिची.”

“ती साताऱ्याला गेली आहे.”

“मग सातारा काय लंकेत हाय व्हय?”

बिरदेव मध्ये पडला. त्याचं तोंड उतरलेलं होतं. “मावशी, आयचं जाऊ द्या. म्या सयाजीमामास्नी फोन केलाय. औंदा कडेगावात बी बसवनार न्हाई. आनी फुडं बी न्हाई. आज्यापास्नं चालत आलंय, पर आमच्या आयला कुनी खाऊ द्यायला नगं.” सयाजीचा मला त्याच दिवशी फोन आला होता. आवाज चढवून विचारत होता, ‘आक्का, काय केलंत तुम्ही तिथं? दादांच्या रानात आजवर मेंढरं चुकली नाहीत.’ मी त्याला काय सांगणार? अजून सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं आहेस.

मी पोतं परत रिक्षात घालायला लागले तेव्हा राहीबाई जवळ आली. लोकांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, “तिला म्हनावं, भिऊ नगं. मी हाक न्हाई मारनार. कुनी नसंल तवा ये, मुकाट्यानं पदरात घाल आनी जा. म्या कुनाला सांगनार न्हाई तू माली हायस म्हनून.”

ऐकलंस? तुझी लाज सांभाळायला ती चोरून ज्वारी घ्यायला तयार आहे. स्वतःच्या हक्काची ज्वारी. मला आयुष्यात पुष्कळ राग आले, पण असा नाही. रिक्षावाला दोनदा म्हणाला, ‘मावशी, उतरा, घर आलं,’ आणि मला कळलं नाही.

म्हणून काल मी एक गोष्ट केली. तू चिडशील. चिड.

काल रविवारच्या देवघेवीला सगळ्या जमल्या होत्या. वाटे उचलायच्या आधी मी टेबलासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मेंढरं बसवणं म्हणजे काय ते सांगितलं, ज्वारी राहिल्याचं सांगितलं. ती बाई कोण होती ते सांगितलं. बाहत्तर साली आम्ही दोघी बहिणींनी तिच्या आईच्या चुलीवरचं माडगं पिऊन दिवस काढले, आणि तिनं मारलेली हाक बरोबर होती, मालन इथंच होती, हेही सांगितलं.

कुणी हसलं नाही, मालन. ज्यांच्यापुढे तू एवढी घाबरलीस, त्यांच्यातली एकही हसली नाही.

सुलाबाई म्हणाल्या, “आमी तर सुकडीच्या रांगंत उभी असायचो. पोलिसाची काठी बी खाल्लीया मी.” मग मागून आप्पासो बोलले. ते कधी आले होते मला माहीत नाही. “आमच्या आईनं बरबडा शिजवला होता. गवताचं बी. मी कुणाला कधी सांगितलं नाही,” म्हणाले, आणि टोपी काढून परत घातली. मग एकेकीची तोंडं उघडली. कुणाची आजी, कुणाचा बाप. भाज्या टेबलावर सुकायला लागल्या तरी कुणी पिशवी उघडेना. उत्कर्षाला रडू येत होतं, पण तिनं विचारलं ते मुद्द्याचं विचारलं : “मग ज्वारी कोण देणार? आपण सगळ्या जाऊ या का?”

मी नाही म्हटलं. जिनं बोलावलं तीच देईल, म्हटलं. मी तुझ्या वतीनं शब्द दिला आहे. तुला विचारलं नाही.

तेव्हा आता लपवायला तुझ्याजवळ काही उरलेलं नाही. सगळ्यांना सगळं माहीत आहे. म्हणजे तुला यायला अडचणही उरलेली नाही. तोंड कसं दाखवू, असं म्हणू नकोस. तोंड झाकलं होतंस, त्याचाच तर हा सगळा घोटाळा.

कळप शुक्रवारी पहाटे तासगावच्या बाजूला हलेल आणि मग थेट जतकडे जाईल. एकदा पाऊस पडला की ते दिवाळीपर्यंत परत येत नाहीत, आणि बिरदेव म्हणतो तसं झालं तर या बाजूला कधीच येणार नाहीत. तेव्हा गुरुवारी ये. पल्लवीकडे दोन दिवस यशराज बघेल, तो काही कुक्कुलं बाळ नाही. मी स्टँडवर घ्यायला येणार नाही. पोतं मी परत तुझ्या जिन्याखाली ठेवलं आहे. रिक्षापर्यंत हात लावीन, माळावर लावणार नाही. रिक्षा लांबच उभी करायची. तिथून तू चालत जायचं आणि हाक मारायची. ती बाहेर येईपर्यंत मारायची, माळावरची सगळी कुत्री भुंकायला लागली तरी मारायची. मुकाट्यानं काही द्यायचं नाही. तिच्या अटीवर नको आणि तुझ्याही नको.

ती शिव्या देईल. खाऊन घे. तेवढा तिचा हक्क आहे.

मला पत्राचं उत्तर नको. आलीस तर बोलू, नाही आलीस तर बोलण्यासारखं काही राहणार नाही.

शुक्रवारपर्यंत तुझीच,
आक्का